बिनभोकाची पेटी

खरेदी कशी करावी हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे या! फी घेणार नाही. लोक दुकानात जातात, समोर दिसेल ते उचलतात, पैसे टाकतात आणि घरी येऊन हळहळतात. मी आधी घरी हळहळून घेतो आणि मग दुकानात जातो. साधी छत्री घ्यायची तरी मी ती दुकानदाराकडून दहादा उघडून-मिटवून घेतो, उलटी धरतो, तिचा वास घेतो. आमच्या घरचा टोस्टर निवडायला मी इतका वेळ घेतला, की तोवर बायकोने दुसरा आणला, वापरला आणि बिघडवलाही. मी निवडलेला मात्र अजून चालतो. ब्रेड एकाच बाजूने भाजतो, पण चालतो.

तर अशा या माझ्या आयुष्यात एक सोन्याचा दिवस उगवला. सासरे मला म्हणाले, "जावईबापू, पेटी तुम्ही निवडा."

तुम्हाला हे वाक्य ऐकून काही वाटलं नसेल. मला गहिवरून आलं! कारण अप्पा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडेच राहतात आणि आजवर त्यांनी मला भिंतीत खिळासुद्धा ठोकू दिलेला नाही. जन्मभर नकाशे काढायची नोकरी केलेला माणूस. रेघ केसभर हलली तर कागद फाडणारा. मी हातोडी उचलली, की ते ती माझ्या हातातून अलगद काढून घेतात आणि म्हणतात, "तुम्ही बसा हं. चहा घ्या." एकदाच, फक्त एकदाच, त्यांनी न्हाणीघरातला गळका नळ माझ्यावर सोपवला होता. मी तो दुरुस्त केला. तेव्हापासून तो जास्त गळतो! अप्पांना कमी ऐकू येतं म्हणून त्यांना हे कळलं नव्हतं, आणि बायकोने मोठ्या मनाने त्यांना सांगितलं नव्हतं.

आता पेटी कशासाठी, ते सांगतो. तरुणपणी अप्पांनी एका गुहेचा नकाशा काढला होता. डोंगर ओलांडून पलीकडे खोल दरी आहे, तिच्या तळाशी ही गुहा. मोजायच्या फितीचं एक टोक अप्पांच्या हातात होतं आणि दुसरं सासूबाईंच्या. नवीन लग्न झालेलं आणि अप्पांना रजा मिळेना, म्हणून सासूबाईच त्यांच्या कामावर गेल्या होत्या! गुहेत अगदी आत एक दालन आहे. तिथे छतावरून थेंब पडतात, प्रत्येकाची उंची वेगळी, प्रत्येकाचा ताल वेगळा. सासूबाईंनी अप्पांना दिवा विझवायला लावला आणि म्हणाल्या, "आता मोजणं पुरे. गप्प बसा आणि ऐका." अप्पा सांगतात, की त्यानंतर आयुष्यात एवढं नीट त्यांनी काहीच ऐकलं नाही.

सासूबाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्यामागे अप्पांचे कानही हळूहळू गेले. कानाचं मशीन लावायला ते काही केल्या तयार होत नव्हते. "बरंच आहे की, तुमच्या दोघांची भांडणं ऐकू येत नाहीत," म्हणायचे. मग एका सकाळी स्वतःहून म्हणाले, "मशीनं आणू या. ते थेंब मला पुन्हा एकदा ऐकायचेत. गुडघे यंदा हो म्हणतायत. पुढच्या वर्षीचं त्यांनी काही सांगितलेलं नाही."

मशीनं आली. पहिली जोडी कानात ठेवूनच अप्पांनी आंघोळ केली आणि ती जोडी गेली. दुसरी देताना डॉक्टरांनी दम भरला, की आता पाण्याचा थेंबही लागता कामा नये. आणि त्या दालनात जायचं म्हणजे कमरेएवढ्या पाण्यातून चालायचं, पुढे थोडं पोटावर सरपटायचं! म्हणून पेटी. पाणी न शिरणारी, धक्का न लागणारी, मोटारीच्या प्रवासात आणि गुहेत दोन्हीकडे चालणारी. मशीनं कोरडी राहिली तर अप्पांना थेंब ऐकू येणार, भिजली तर नाही. एवढा साधा मामला होता आणि तो माझ्या हातात होता.

मी कामाला लागलो.

प्रवासाच्या सामानाचं एक मोठं दुकान आहे. तिथला दुकानदार शांत माणूस होता. होता म्हणतो, कारण माझ्या तिसऱ्या फेरीनंतर तो तसा राहिला नाही. आधी त्याने मला तोंडाशी गुंडाळून बंद करायची रबरी पिशवी दाखवली. "गुहेत जाणारे हीच नेतात," म्हणाला. मी म्हटलं, "पिशवी ती पिशवीच! कपारीला लागून फाटली तर?" मग त्याने आट्याच्या झाकणाचा डबा काढला. मी झाकण फिरवून पाहिलं. म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाच्या बोटांना हे झेपायचं नाही." मग त्याने एक सुस्कारा सोडला आणि वरच्या फळीवरून ती पेटी काढली.

काय पेटी होती! जाड काळं प्लास्टिक, झाकणाच्या कडेने रबराची वादी, पुढे दोन दणकट कड्या, धरायला मूठ, आत स्पंज. दुकानदार तिच्यावर उभा राहिला. मी उभा राहिलो. मग आम्ही दोघं हात धरून एकदम उभे राहिलो. पेटीने हूं की चूं केलं नाही! माझं मन तिच्यावर बसलंच होतं, तेवढ्यात मला कड्यांच्या मधोमध एक गोल बटण दिसलं.

"हे काय?"

"हवेचा व्हॉल्व्ह, साहेब. यातून हवा ये-जा करते, पाणी नाही."

"म्हणजे भोक?"

"भोक नाही. व्हॉल्व्ह."

"हवा जाते ना? मग भोकच की! पाणी न शिरणाऱ्या पेटीला भोक पाडता आणि वर त्याचे पैसे लावता?"

"साहेब, डोंगरात गेलात की हवेचा दाब..."

"डोंगरात हवा चांगली असते, मला माहीत आहे," मी म्हटलं आणि पेटी बांधायला सांगितली.

दुकानदाराने पेटी बांधली. माझ्या हातात देताना एवढंच म्हणाला, "घाट उतरलात की माझी आठवण काढा." मला वाटलं, प्रेमाने म्हणाला.

घरी बायकोने पेटीकडे पाहिलं, मग अप्पांच्या कानांकडे पाहिलं. "वाटाण्याएवढ्या दोन वस्तू ठेवायला ही ट्रंक?"

"उरलेल्या जागेत बाकीचं सामान बसेल. फोन, पाकिटं, किल्ल्या. सगळं एका जागी, सगळं कोरडं!"

रविवारी मी पेटीत वर्तमानपत्र ठेवून ती दिवसभर पाण्याच्या पिंपात बुडवली, वर बायकोची कुंडी ठेवली. अप्पा खुर्ची टाकून पाहत बसले होते. संध्याकाळी पेटी उघडली. कागद खडखडीत कोरडा! अप्पांनी तो चिमटीत धरला, उजेडाकडे नेला, कडेकडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, "चांगलं काम आहे." जन्मभर नकाशे तपासलेल्या माणसाचं हे वाक्य होतं. मी त्या आनंदात स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आलो.

पण ते भोक माझ्या मनातून जाईना. आज नाही शिरलं पाणी, उद्या शिरलं तर? अप्पा दालनात बसलेत, पेटी उघडली आणि मशीनं पाण्यात पोहतायत, असं चित्र डोळ्यांसमोर येऊन मला घाम फुटायचा. शेवटी मी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. माझी बायको दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना आमच्या शेजारच्याच गल्लीत. पुढच्या सुट्टीला ती तिथलं कपाट आवरत होती आणि मी मदतीला गेलो होतो, म्हणजे पेशंटच्या खुर्चीत बसलो होतो. दातात भरायचं ते सिमेंट समोरच होतं. मऊ लोण्यासारखं असतं, निळा दिवा धरला की दगड होतं. हजारदा तिला करताना पाहिलंय. मी बटणाभोवतीची फट पुसली, सुकवली, सिमेंट दाबून भरलं आणि निळा दिवा धरला. मन भरेना म्हणून पुन्हा धरला. मग आणखी एकदा. भोक गेलं! पेटी एकदम खानदानी दिसायला लागली. बायकोला सांगितलं नाही. म्हटलं, योग्य वेळी सांगून चकित करू.

तो दिवस उजाडला. आम्ही मोटारीने घाट चढून माथ्यावर पोचलो, तेव्हा ऊन रणरणत होतं. तिथे चहाची टपरी आणि गाड्या लावायची मोकळी जागा आहे. खाली दरीत आपली मोटार नेऊ देत नाहीत. गुहा दाखवणाऱ्या गाइडताई त्यांच्या उघड्या गाडीतून घेऊन जातात. ताई म्हणजे उंच, रापलेल्या, डोक्यावर शिरस्त्राण आणि आवाज असा, की टपरीवाल्याचे ग्लास थरथरावेत.

"आजोबा, उघड्या गाडीत वारा कानात शिट्ट्या मारेल. मशीनं काढून ठेवा," त्या म्हणाल्या.

माझा क्षण आला! मी पेटी टपरीच्या बाकावर ठेवली, कड्या खटाखट उघडल्या. अप्पांनी मशीनं काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी ती स्पंजात बसवली. मग तिघांचे फोन, पाकिटं, मोटारीची किल्ली, घराच्या किल्ल्या आणि माझा खिशातला चाकू. त्या उन्हात झाकण मिटलं, कड्या लावल्या. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मशीनं काढल्यावर त्यांना ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही, म्हणून मी नुसता हसलो.

खाली उतरलो. वळणं, वळणं आणि वळणं. गुहेच्या तोंडाशी थंडगार हवेचा झोत आला. ताईंनी दिवे बांधले, पुढे स्वतः, मग अप्पा, मग बायको, शेवटी पेटी आणि मी. कमरेएवढ्या पाण्यात पेटी माझ्यापुढे अशी तरंगत होती, की जणू तीच मला गुहा दाखवतेय. सरपटायच्या जागी अप्पा सर्रकन पलीकडे गेले. मी अडकलो. ताईंनी खांद्याला धरून ओढलं आणि मी बूच निघावं तसा निघालो.

आणि दालन आलं. दिव्यांच्या उजेडात छत कुठवर गेलंय ते दिसत नव्हतं. मधे काळं पाणी. टप... टिंग... अप्पा एका दगडाजवळ जाऊन थांबले. त्याला हात लावला. "इथेच बसलो होतो," म्हणाले आणि बसले. मग माझ्याकडे पाहून हात पुढे केला.

मी कड्या उघडल्या. झाकण उचललं.

झाकण उचललं गेलं नाही.

पुन्हा उचललं. पेटी वर आली, झाकण पेटीला घट्ट धरून! मी ती गुडघ्यांत दाबली आणि ओढलं. मग बायकोने पेटी धरली आणि मी झाकण ओढलं. मग ताईंनी मला धरलं. अप्पांना आमचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की तीन माणसं जीव तोडून पेटी ओढतायत आणि पेटी हलत नाही. त्यांना वाटलं, मी पेटीची मजबुती दाखवतोय! ते टाळ्या वाजवायला लागले. "वा! काय घट्ट आहे! पुरे आता, पटलं!"

"कड्या नीट उघडल्यास का?" बायको.

"कड्या माझ्या हातात आहेत!"

ताईंनी दिवा पेटीजवळ नेला. "अहो दादा, अशा पेटीला हवेचं बटण असतं. ते कुठंय?"

"होतं!" मी छाती पुढे काढून म्हटलं. "मी बुजवलं."

ताईंनी त्या जागेवरून बोट फिरवून पाहिलं.

"दादा," ताई हळू आवाजात बोलल्या. त्यांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं. "झाकण तुम्ही माथ्यावर लावलंत. तिथली हवा पातळ, वरून ऊन. तीच हवा आत कोंडलीये. इथे खाली हवा दाट आणि गारठा. आत हवा यायला वाटच नाही, म्हणून बाहेरची सगळी हवा झाकणावर बसलीये."

"किती वजनाची असेल?"

"तुम्ही आणि मी मिळून."

मला दुकानदाराची आठवण आली. फार आली!

"खरवडून काढू," बायको म्हणाली. "कशाने बुजवलंस?"

"तुझ्याच त्या... दातांच्या सिमेंटने."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी लिहून दाखवू शकत नाही. मग ती वाकली, केसातली पिन काढून बटणाभोवती टोचून पाहिली, नखाने ठोकलं. हळूहळू तिचा चेहरा बदलला. "फट आधी पुसली होतीस?"

"पुसून सुकवली."

"दिवा किती वेळ धरलास?"

"भरपूर."

"मग नाही निघणार," ती खिन्नपणे म्हणाली, पण आवाजात थोडा अभिमान होता. "उत्तम भरलंयस. हे आता ड्रिलशिवाय हलत नाही."

चाकू पेटीत होता. ताईंनी दगड मारून पाहिला, दगडाचा टवका उडाला. पेटीबद्दल तक्रार करायला जागाच नव्हती. तिने पाणी अडवलं होतं, हवा अडवली होती आणि आम्हालाही अडवलं होतं! एवढ्यात अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी टाळ्या थांबवल्या, आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि समजले. मी त्यांच्यासमोर जाऊन कान धरले. दुसरं काय करणार? ओरडून सांगितलं तरी ऐकू येणार नव्हतं.

अप्पा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पेटी माझ्याकडून घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "राहू दे, जावईबापू. आलो, बसलो. पुष्कळ झालं." आणि दमून पेटीवर हनुवटी टेकून बसले. त्यांना एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्यामुळे पेटीत बंद होती.

तेवढ्यात छतावरून एक थेंब आला आणि झाकणावर पडला. ढब्!

अप्पांनी मान वर केली. "कोण ठोकतंय?"

कोणीच ठोकत नव्हतं. त्यांनी पुन्हा हनुवटी टेकली. दुसरा थेंब पडला. अप्पांचे डोळे मोठे झाले. "अरे! ऐकू आला! हनुवटीतून आला!"

बायको उडालीच! "जबड्याच्या हाडातून जातोय आवाज! कानाच्या बाहेरच्या वाटेने नाही, आतल्या वाटेने!" मग तिने खुणा केल्या, स्वतः पेटीची मूठ दातांत धरून दाखवली. "असं धरा, अप्पा! दातांतून आणखी चांगलं जाईल!" अप्पांचे सगळे दात स्वतःचे आहेत. माझी बायको सगळ्या नातेवाइकांना हे सांगत असते, पण त्या दिवशी ते सगळे दात कामाला आले.

पण थेंब पडायच्या जागा होत्या पाण्यात, आणि अप्पांना पाण्यात उतरून तळापर्यंत वाकणं जमेना. पेटी ठेवायला काहीतरी टेबल हवं होतं. तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मंडळी, मी टेबल झालो! त्या थंडगार पाण्यात हातापायांवर ओणवा. ताईंनी पेटी माझ्या पाठीवर ठेवली, सरकवत सरकवत तीन थेंबांच्या मधोमध आणली. अप्पा शेजारच्या दगडावर बसले आणि वाकून त्यांनी मूठ दातांत धरली. "दादा, आता श्वाससुद्धा बेताने घ्या," ताई म्हणाल्या आणि सगळ्यांनी दिवे विझवले.

इतका अंधार मी कधी पाहिला नव्हता. आणि मग माझ्या पाठीवर ते सुरू झालं. ढब्. टुक्. बराच वेळ काही नाही. टम्म्. हवा कोंडून आवळलेल्या त्या पेटीचा ढोल झाला होता, प्रत्येक थेंब माझ्या बरगड्यांतून जात होता. काही थेंब नेम चुकून माझ्या मानेवरून आत शिरत होते. मी हललो नाही. शिंक आली, ती गिळली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग अंधारातून अप्पांचा आवाज आला. मूठ सोडून ते बोलत होते. "ती म्हणाली होती, तिसऱ्याची वाट बघा, तो उशिरा येतो." ते थांबले. "अजून उशिराच येतो."

बायको रडत होती, मला ऐकू येत होतं. ताईंनी नाक ओढलं, तेही ऐकू आलं. मी टेबल असल्यामुळे मला डोळे पुसता येत नव्हते. पण एवढं सांगतो, मला जर कोणी त्या वेळी म्हटलं असतं, ऊठ, तर मी उठलो नसतो.

वर जाताना गाडीत पेटी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक वळणावर मी झाकण ओढून बघत होतो. माथा आला, ऊन लागलं आणि एका ओढीला फुस्स! झाकण एवढ्या सहज उघडलं, की मी मागच्या सीटवर उताणा झालो. आत सगळं कोरडं ठणठणीत! अप्पांनी मशीनं कानात घातली. टपरीवरचं आधण, पाखरं, ताईंचा आवाज, सगळं ऐकत हसत राहिले. मी चार चहा सांगितले. ताईंचे आभार मानले, टपरीवाल्याचे मानले, बायकोचे मानले, दातांच्या सिमेंटचेही मानले. अप्पा म्हणाले, "जावईबापू, पेटी छान निवडलीत." मी मोटारीची किल्ली घेतली, फोन वाटले, आणि या सगळ्या आनंदाच्या भरात सवयीने पेटी मिटून कड्या लावल्या. उघडी पेटी घेऊन प्रवास करणं माझ्या शिस्तीत बसत नाही.

आमचं शहर घाटाखाली आहे, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? नसेल. मलाही ते दारासमोर उभा राहीपर्यंत आठवलं नव्हतं. घराच्या किल्ल्या पेटीत होत्या.

बायकोने आम्हाला सरळ शेजारच्या गल्लीत, तिच्या दवाखान्यात नेलं. दवाखान्याची किल्ली तिच्या पर्समध्ये असते, माझ्याकडे ती कधीच देत नाही, आणि आता का ते मला कळतं. तिने पेटी पेशंटच्या खुर्चीत ठेवली, हातमोजे घातले, अप्पांना दिवा धरायला लावला. ड्रिल सुरू झालं, तशी अप्पांनी दोन्ही कानांतली मशीनं काढून खिशात टाकली. थोड्या वेळाने फुस्स झालं. "पुढच्या वेळी कुठे काही भरायचं असेल," बायको ड्रिल पुसत म्हणाली, "तर आधी एक्स-रे काढत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात गेलो. नळाचं नवीन रबर आणलं, पाना आणला. अप्पांनी एवढं सगळं सोसून मला नावाजलं होतं. निदान त्यांच्या न्हाणीघरातला नळ तरी नीट करून द्यावा, असं मनात आलं. पान्यासकट आत शिरलो तर अप्पा आधीच आत होते. स्टुलावर बसले होते. नळाखाली माझी ती पाणी न शिरणारी पेटी आडवी ठेवलेली, तिच्यावर हनुवटी टेकलेली, डोळे मिटलेले. ढब्. टुक्. बराच वेळ काही नाही. मग एक, उशिरा.

माझी चाहूल त्यांना पायांतून लागली असावी. डोळे उघडून त्यांनी माझ्या हातातला पाना पाहिला, हात पुढे करून तो अलगद काढून घेतला आणि प्रेमाने म्हणाले, "नळाला हात लावू नका, जावईबापू. तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते. तुम्ही बसा हं. चहा घ्या."